टेली-ओपीडीसाठी डॉक्टर नोंदवताना: एचपीआरचं परीक्षण, कोल्हापूरहून

आधी निकाल सांगतो. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाची हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्री, म्हणजे एचपीआर, डॉक्टरची ओळख पटवायला चांगली आहे. पैसे पडत नाहीत, आणि टेली-ओपीडी, म्हणजे फोन-व्हिडिओवरची ओपीडी, सुरू करणाऱ्या लहान रुग्णालयानं ती वापरावीच. पण ‘एचपीआर आयडी आला, आता डॉक्टरांना ऑनलाइन बसवायला हरकत नाही’ हा जो समज राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत ऐकू येतो, तो धोक्याचा आहे. पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

हे लिहिणं डॉक्टरांपेक्षा रुग्णालयाच्या कार्यालयात बसणाऱ्यांसाठी जास्त आहे. दहा-पंधरा व्हिजिटिंग कन्सल्टंट, एक मॅनेजर, रिसेप्शनवर दोघंजण, आणि गगनबावडा, राधानगरी, चंदगडकडच्या जुन्या पेशंटना फेरतपासणीसाठी एवढ्या लांब यायला लागू नये म्हणून व्हिडिओ कॉल सुरू करायचा विचार, असं साधारण चित्र धरलं आहे. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला वेगळा विभाग असतो. आपल्याकडे ते मॅनेजरच्या टेबलावर येऊन पडतं.

एचपीआर हा आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा भाग आहे. मिशन देशभर लागू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला. पेशंटसाठी आभा हा हेल्थ आयडी, रुग्णालयासाठी हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्री, आणि डॉक्टर-नर्ससाठी एचपीआर अशी त्याची विभागणी. आभाचा क्रमांक १४ आकडी आणि एचपीआरचाही १४ आकडीच, त्यामुळे पहिला घोळ इथेच होतो. डॉक्टरांना ‘तुमचा सरकारी हेल्थ आयडी पाठवा’ असा मेसेज केला की हमखास आभा कार्डाचा फोटो येतो. नुसता क्रमांक मागू नका, ‘अॅट’च्या पुढे एचपीआर असलेला पत्ता मागा.

दुसरा घोळ एनएमआरचा. नॅशनल मेडिकल रजिस्टर हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं पोर्टल, ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं. ते एमबीबीएस आणि त्यावरच्या डॉक्टरांसाठी आहे. तिथेही आधार, पदवी आणि राज्याच्या वैद्यक परिषदेचं प्रमाणपत्रच लागतं, म्हणून पुष्कळ डॉक्टरांना वाटतं की एकीकडे भरलं म्हणजे दुसरीकडचंही झालं. तसं नाही. खातं वेगळं, चालवणारी संस्था वेगळी, उद्देश वेगळा. एचपीआरमध्ये आयुष, दंतवैद्य, नर्स हेही येतात. ते एनएमआरमध्ये नाहीत.

फॉर्म भरायला बसण्याआधी

क्रम उलटा करू नका. आधी रुग्णालयाची नोंद हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत करून घ्या. डॉक्टरांच्या एचपीआर फॉर्मात कामाच्या ठिकाणाचा भाग येतो, तिथे रुग्णालय शोधून जोडायचं असतं. रुग्णालयाचीच नोंद नसेल तर डॉक्टर तो भाग कसाबसा उरकून टाकतात आणि महिन्यानं सगळ्यांना पुन्हा लॉगिन करायला लावावं लागतं. बारा डॉक्टरांना दुसऱ्यांदा गाठणं काय असतं ते मॅनेजर मंडळींना सांगायला नको.

लागणारे कागद असे: आधारला जोडलेला मोबाईल हाताशी, पदवी प्रमाणपत्र, राज्य परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि शेवटच्या नूतनीकरणाचा कागद, पदव्युत्तर पदवी असल्यास ती आणि परिषदेत तिची ‘अतिरिक्त अर्हता’ म्हणून झालेली नोंद, नावात बदल असल्यास त्याचा पुरावा, आणि पासपोर्ट आकाराचा फोटो. सगळं स्कॅन केलेलं असावं. मोबाईलवर काढलेल्या फोटोत लॅमिनेशनची चकाकी येते आणि नेमका नोंदणी क्रमांकच दिसत नाही. जुन्या प्रमाणपत्रांना लॅमिनेशन करायची आपल्याकडे फार हौस. स्कॅनरवर ते ठीक येतं, फ्लॅश मारला की गेलं.

कागद हाताशी असले तर फॉर्म एका बैठकीत होतो. आधार क्रमांक, ओटीपी, मग मोबाईल आणि ईमेल, मग डॉक्टर की नर्स, मग कुठली वैद्यकपद्धती, मग वापरकर्ता-नाव आणि पासवर्ड. इथपर्यंत आलं की आयडी तयार होतो, आणि इथेच निम्मे डॉक्टर थांबतात. आयडी मिळाला म्हणजे काम झालं असं वाटतं. खरं तर नोंदणी, शिक्षण आणि कामाचं ठिकाण हे भाग अजून रिकामे असतात आणि परिषदेकडे पडताळणीला काहीच गेलेलं नसतं. डॉक्टरांनी पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर नुसता आयडी असेल तर तो मान्य करू नका. अर्ज सादर झाला आहे की पडताळणी पूर्ण झाली आहे, ती स्थिती दिसली पाहिजे.

ओटीपीबद्दल एक. पन्नाशीच्या पुढच्या डॉक्टरांच्या आधारला जोडलेला नंबर बरेचदा बंद पडलेला, नाहीतर मुलाचा असतो. तो बदलून घ्यायला वेळ जातो. म्हणून टेली-ओपीडीची तारीख जाहीर करण्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: आधारचा ओटीपी तुमच्या हातातल्या फोनवर येतो का? नाही म्हणणाऱ्यांची यादी आधी हाताळा.

नावांची भानगड

सगळ्यात जास्त वेळ खातं ते नाव. आणि आपल्या जिल्ह्यात जरा जास्तच.

पदवीवर ‘पाटील रणजित बाबासो’, आधारवर ‘रणजित बाबासाहेब पाटील’, पॅनवर ‘रणजित बी पाटील’. माणूस एकच, हे कोल्हापुरात कुणालाही कळतं. संगणकाला कळत नाही. बाबासो, आप्पासो, दादासो, आण्णासो ही ‘साहेब’ची आखूड रूपं आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून पदवीपर्यंत जशीच्या तशी गेलेली असतात. आधार काढताना केंद्रावरचा मुलगा पूर्ण नाव टाकतो, आणि मग वडिलांचं नाव ‘जुळत नाही’. त्यात इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी-जास्त झालं तर बघायलाच नको.

यावर एचपीआरची सोय बरी आहे. प्रमाणपत्रावरचं नाव आधारपेक्षा वेगळं आहे का, असा थेट प्रश्न फॉर्मात आहे. ‘हो’ म्हणून पुरावा जोडायचा. पण डॉक्टर घाईत ‘नाही’ करून पुढे जातात आणि अर्ज परिषदेकडे अडकतो. एका अक्षराचा फरक असला तरी ‘हो’ करा.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिला डॉक्टरांचं थोडं वेगळं. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, आणि परिषदेतली नोंदणी? ती पदवी मिळाल्या मिळाल्या झालेली असते, म्हणून बहुतेक वेळा माहेरच्याच नावाची. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची जाहिरात हे दोन पुरावे चालण्यासारखे. नोटरीचं प्रतिज्ञापत्र एकटं पुढे करू नका, ते जोडकागद म्हणून ठीक. आणि एक गोष्ट आधीच ठरवा: टेली-ओपीडीच्या पानावर कुठलं नाव दिसणार? पेशंट ज्या नावानं मॅडमना ओळखतात ते हवं असतं. पण नोंदणी क्रमांक टाकून परिषदेच्या नोंदवहीत शोधलं तर वेगळंच आडनाव दिसतं, आणि चार शंका निघतात. परिषदेतलं नाव आधी बदलून घेणं हाच सरळ मार्ग. वेळ लागतो, पण नंतर प्रत्येक ठिकाणी खुलासा देत बसावं लागत नाही.

विद्यापीठाच्या रकान्यातही असाच घोळ होतो. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये झालं. त्याआधी मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातून किंवा कसबा बावड्याच्या डी. वाय. पाटील महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांच्या पदवीवर शिवाजी विद्यापीठ आहे. मधल्या काळातल्यांच्या पदवीवर नाशिक. डी. वाय. पाटीलला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यानंतरच्या तुकड्यांच्या पदवीवर त्यांचं स्वतःचं विद्यापीठ. राजर्षी शाहू शासकीय महाविद्यालय, म्हणजे सीपीआर रुग्णालयाचं, त्यातले सगळे नाशिकचेच. त्यामुळे एकाच महाविद्यालयाच्या दोन डॉक्टरांची विद्यापीठं वेगवेगळी असणं यात काही संशयास्पद नाही, आणि दोघांची एकच असणं यात कधीकधी आहे. फॉर्म भरताना आजचं विद्यापीठ निवडू नका, पदवीच्या कागदावर छापलेलंच निवडा.

नोंदणी क्रमांक

महाराष्ट्र वैद्यक परिषदेचे, म्हणजे एमएमसीचे, नवे क्रमांक वर्ष, महिना आणि अनुक्रमांक अशा तीन तुकड्यांत, मध्ये तिरप्या रेघा घालून असतात. जुन्या डॉक्टरांचे क्रमांक साधे, सलग आकडी. तिरपी रेघ गाळली, मधला महिना सोडला, शून्य खाल्लं, की दुसऱ्याच कुणाचा तरी क्रमांक तयार होतो किंवा कुणाचाच होत नाही. प्रमाणपत्रावर आहे तसाच, रेघांसकट लिहा. आयुर्वेदाची परिषद वेगळी, तिच्या क्रमांकात इंग्रजी अक्षरं येतात. होमिओपॅथीची वेगळी, दंतवैद्यांची वेगळी. एका डॉक्टरच्या शिक्क्यावरचा, लेटरहेडवरचा आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक एकमेकांशी ताडून बघा. शिक्का बनवणाऱ्यानं केलेली चूक वर्षानुवर्षं तशीच छापली जात राहते.

इंटर्नशिपमधल्या मुलांकडे तात्पुरत्या नोंदणीचा क्रमांक असतो. तो टेली-ओपीडीला चालत नाही. कायम नोंदणीच हवी.

आपल्या भागातला आणखी एक प्रकार म्हणजे बेळगावला शिकून कर्नाटक मेडिकल कौन्सिलमध्ये नोंदलेले डॉक्टर. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडे असे पुष्कळ. फॉर्मात परिषद म्हणून कर्नाटकच निवडावी लागते, मागाहून एमएमसीत नोंदणी घेतली असेल तर ती वेगळी लिहावी. टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुठल्याही राज्याच्या नोंदवहीतला डॉक्टर भारतातल्या कुठल्याही पेशंटला दूरसल्ला देऊ शकतो, तेव्हा निपाणीच्या पेशंटसाठी अडचण नाही. पण तेच डॉक्टर महाराष्ट्रात प्रत्यक्ष ओपीडीही करत असतील तर एमएमसीची नोंदणी पाहिजे, आणि चिठ्ठीवर जो चालू क्रमांक आहे तोच छापला गेला पाहिजे. दोन क्रमांक असलेल्या डॉक्टरांच्या बाबतीत ही खबरदारी लेखी ठेवा.

पडताळणी झाली म्हणजे काय झालं

अर्ज सादर झाला की तो संबंधित परिषदेकडे जातो. परिषद आपल्या नोंदीशी ताडते आणि मग ‘पडताळलेला’ अशी स्थिती येते. याला किती दिवस लागतील याचं वेळापत्रक बांधू नका. उद्घाटनाचा फ्लेक्स छापण्याआधी स्थिती बघा एवढंच.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. एमएमसीच्या संकेतस्थळावर डॉक्टर शोधायची सोय आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर भारतीय वैद्यक नोंदवही बघता येते, आणि काळ्या यादीतल्या डॉक्टरांसाठी तिथे वेगळा शोध आहे. दोन्हीकडे बघा, स्क्रीनचं चित्र तारखेसकट काढा, फाइलला लावा. हे काम डॉक्टरांनी पाठवलेल्या झेरॉक्सवरून करायचं नसतं. परिषदेच्या नोंदवहीत जाऊन आपण स्वतः बघायचं, यालाच पडताळणी म्हणतात. झेरॉक्स गोळा करणं म्हणजे फाइल भरणं झालं.

आता पहिला अर्धा तारा का कापला ते. एमएमसीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि त्यासाठी पाच वर्षांत वैद्यकीय परिषदा-कार्यशाळांतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. एचपीआरमध्ये नोंदणी कायमची की नूतनीकरणाची आणि मुदत कधीपर्यंत, असे रकाने आहेत. पण ते भरतात डॉक्टर. ज्या दिवशी भरलं त्या दिवशीचं ते खरं असतं. क्रेडिट पॉइंट कमी पडले म्हणून नूतनीकरण लांबवणारे डॉक्टर काही थोडेथोडके नाहीत. कॉन्फरन्सच्या हंगामात सगळे एकदम जागे होतात. रुग्णालयानं स्वतःची एक वही ठेवावी: डॉक्टर, परिषद, क्रमांक, मुदत संपण्याची तारीख, आणि त्याआधी नव्वद, साठ आणि तीस दिवसांनी आठवण. मुदत उलटलेल्या दिवशी त्या डॉक्टरांचा ऑनलाइन स्लॉट आपोआप बंद झाला पाहिजे. माणसानं बंद करायचा ठरवला तर तो बंद होत नाही, कारण ते डॉक्टर नेमके सगळ्यात जास्त चालणारे असतात आणि त्यांना ते सांगायचं कुणी?

तज्ज्ञ कोण

दुसरा अर्धा तारा इथे गेला. तालमीच्या वहीत नाव आहे म्हणून कुणी आखाड्यात उतरत नाही, तसं ‘पडताळलेला’ या शब्दावरून कुणाला हृदयरोगतज्ज्ञाच्या रकान्यात बसवायचं नसतं. परिषदेनं ताडलेल्या पदव्या कुठल्या आणि पानावर लावलेलं विशेषण कुठलं, हे आपणच जुळवून बघायचं.

सगळ्यात जास्त फसगत ‘एम.डी.’ या दोन अक्षरांत होते. रशिया, जॉर्जियाकडून शिकून आलेल्यांच्या मूळ पदवीचं नावच एम.डी. असतं. भारतात ती एमबीबीएसच्या पातळीची. परदेशातून शिकून आलेल्यांना एफएमजीई परीक्षा देऊन इथे नोंदणी मिळते, आणि ते नोंदणीकृत डॉक्टर असतात यात वाद नाही. पण ते एम.डी. मेडिसिन नव्हेत. पानावर ‘डॉ. अमुक, एम.डी.’ एवढंच लिहिलं की पेशंटला फिजिशियन वाटतो. फेलोशिप, सर्टिफिकेट कोर्स, ऑनलाइन डिप्लोमा यांचंही तेच. नियम सोपा ठेवा: परिषदेत अतिरिक्त अर्हता म्हणून नोंद असेल तीच विशेषता पानावर. बाकी सगळं ‘प्रशिक्षण’ या शीर्षकाखाली, लहान अक्षरांत.

होमिओपॅथी करून सीसीएमपी हा एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स केलेल्या डॉक्टरांना एमएमसीच्या नोंदवहीत घेण्यावरून राज्यात मोठा वाद झाला आहे आणि तो न्यायालयातही गेला आहे. टेली-ओपीडी चालवणाऱ्यानं त्या वादात उडी मारू नये. ज्या परिषदेची चालू नोंदणी आहे त्याच पद्धतीच्या यादीत डॉक्टर, हे धरून चाला. होमिओपॅथी आणि आयुर्वेद-सिद्ध-युनानीसाठी टेलिमेडिसिनच्या वेगळ्या सूचना एप्रिल २०२० मध्येच निघाल्या आहेत.

जबाबदारी कुणाची

उरलेला अर्धा तारा एचपीआरचा दोष म्हणून कापलेला नाही. लोक तिच्याकडून जे काम अपेक्षित धरतात ते तिचं नाहीच, म्हणून कापला.

टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० ला आल्या. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांना त्या परिशिष्ट ५ म्हणून जोडल्या आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे विनियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले, त्यामुळे २००२ चेच चालू आहेत. या सूचनांत तंत्रज्ञान-मंचासाठी, म्हणजे डॉक्टर-पेशंटची ऑनलाइन गाठ घालून देणाऱ्या संकेतस्थळासाठी किंवा अॅपसाठी, वेगळा भाग आहे. डॉक्टरांचं नाव यादीत टाकण्यापूर्वी मंचानं स्वतः खातरजमा करायची, नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक आणि संपर्क दाखवायचा, काही गैर आढळलं तर नियामक मंडळाला कळवायचं, तक्रारीची सोय ठेवायची. न पाळल्यास काळ्या यादीत जायची तरतूद आहे. संगणकी बुद्धिमत्तेनं पेशंटला सल्ला किंवा औषध द्यायला मनाई आहे, डॉक्टरांना मदत करायला नाही.

म्हणजे स्वतःच्या संकेतस्थळावर ‘ऑनलाइन कन्सल्टेशन’ असं बटण टाकणारं रुग्णालयही मंच झालं असं समजूनच वागावं. ‘सॉफ्टवेअर कंपनीनं बघितलं असेल’ हे उत्तर उपयोगाचं नाही. ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेत डॉक्टर सरकारी यंत्रणेतूनच बसवले जातात, तिथे हे ओझं आपल्यावर येत नाही. खासगीत येतं.

खासगी कंपन्यांच्या डॉक्टर-नोंदणीबद्दल थोडं, नावं न घेता. फॉर्म जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो तीन प्रश्नांत, आणि करार करण्याआधी ते विचारावेत. परिषदेच्या नोंदवहीत तुमचा माणूस स्वतः बघतो की अपलोड झालेली फाइल बघून हिरवी खूण लावतो? नूतनीकरणाची तारीख उलटली की स्लॉट बंद होतो का? आणि कागद कुठे साठवता? व्हॉट्सअॅपवर आधार, पॅन, पदवी मागवणाऱ्या ‘रिलेशनशिप मॅनेजर’ला नम्रपणे नाही म्हणा. आधार द्यायचंच झालं तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. डॉक्टरांचे कागद हाही वैयक्तिक डेटाच.

सगळ्यात वाईट सवय मात्र कंपन्यांची नाही, आपली. डॉक्टर बिझी असतात, म्हणून त्यांचं खातं रिसेप्शनिस्टच्या मोबाईलवर, तिच्या ईमेलवर उघडलं जातं. पासवर्ड रजिस्टरच्या मागच्या पानावर. मग ती मुलगी नोकरी सोडते आणि खातं तिच्याबरोबर जातं. त्याहून वाईट म्हणजे डॉक्टरांच्या सहीची प्रतिमा त्या लॉगिनमध्ये असते, आणि चिठ्ठी कुणी पाठवली हे नंतर सिद्ध करता येत नाही. मोबाईल आणि ईमेल डॉक्टरांचाच हवा. फॉर्म भरायला मदत करा, ओटीपी त्यांनीच टाकावा.

एचपीआरमध्ये नसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे विमा. प्रोफेशनल इंडेम्निटी पॉलिसीची, म्हणजे पेशंटनं डॉक्टरांवर दावा केला तर उपयोगी पडणाऱ्या विम्याची, पावती घेऊ नका, तपशिलाचा कागद म्हणजे शेड्यूल घ्या. त्यात चार जागा बघा: मुदत, एका घटनेची आणि वर्षाची मर्यादा, मागे लागू असल्याची तारीख, आणि दूरसल्ला वगळला आहे का. या पॉलिसी दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीच्या हिशेबानं चालतात. मध्ये खंड पडून नवी घेतली की मागची तारीख तुटते आणि आधीच्या सल्ल्यांवरचा दावा उघडा पडतो. नूतनीकरणाच्या वहीत हाही रकाना टाका.

पैशाचं थोडक्यात: पॅन, रद्द केलेला चेक, व्यावसायिक फीवरचा १० टक्के टीडीएस कोण कापणार आणि फॉर्म कोण देणार, हे करारात असावं. पॅनवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नसेल तर पहिलाच हप्ता अडकतो, आणि डॉक्टर नाराज होतात ते इथे.

चालू करण्याआधीची चाचणी

कागद पूर्ण झाले की प्रत्येक डॉक्टरांबरोबर एक खोटी ओपीडी करा. कार्यालयातलाच कुणीतरी पेशंट व्हावा, शक्यतो गगनबावडा किंवा भुदरगडच्या डोंगराळ गावात बसून. व्हिडिओ तुटला तर डॉक्टर फोनवर येतात का, ते बघा. टेलिमेडिसिनच्या सूचनांत औषधांच्या याद्या आहेत: पहिल्या सल्ल्यात लिहायची ‘अ’ यादीतली औषधं व्हिडिओवरच लिहायची आहेत, फोनवर नाही. ‘ओ’ यादीतली साधी, दुकानातून सहज मिळणारी औषधं कशावरही चालतात. ‘ब’ यादी फेरतपासणीच्याच पेशंटला. औषध कायद्याच्या अनुसूची ‘एक्स’मधली आणि अंमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखालची औषधं दूरसल्ल्यात अजिबात नाहीत. सॉफ्टवेअरनं हे अडवलं पाहिजे. चाचणीत मुद्दाम बंदी असलेलं औषध लिहून बघा. सॉफ्टवेअर गपगुमान चिठ्ठी छापत असेल तर सुरू करू नका.

निघालेली चिठ्ठी छापून हातात घ्या. डॉक्टरांचं नाव, पात्रता, नोंदणी क्रमांक, पत्ता, तारीख, पेशंटचं नाव-वय-लिंग, औषधाचं जेनेरिक नाव ठळक मोठ्या अक्षरांत, सही. नोंदणी क्रमांकातल्या तिरप्या रेघा पीडीएफमध्ये गायब झालेल्या असतात, हे इथेच सापडतं. व्हॉट्सअॅप, ईमेल आणि पावतीवरही क्रमांक दिसायला हवा. लहान मुलासाठी सल्ला असेल तर बरोबर मोठं माणूस असून त्याची ओळख नोंदवली जाते का, तेही बघा. आणि परदेशातल्या पेशंटचा प्रश्न डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. दुबईला असलेला इचलकरंजीचा पेशंट हमखास कॉल करतो, पण या सूचना भारताबाहेरच्या सल्ल्याला लागू नाहीत. त्याला स्लॉट देऊ नये.

एचपीआरमध्ये बोलता येणाऱ्या भाषांचा रकाना आहे. त्यात मराठी, कन्नड, हिंदी खरं असेल तेच भरून घ्या. सीमाभागातल्या पेशंटसाठी कन्नड येणारे डॉक्टर शोधायला हा रकाना खरंच उपयोगी पडतो. याबद्दल अर्धा तारा वाढवावासा वाटला होता.

फिजिओथेरपिस्टना राज्याची वेगळी परिषद आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तो क्रमांक तिथेच तपासायचा. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कुणीही लावू शकतं. तिच्यामागे परिषदेचा क्रमांक नसेल तर डॉक्टरांच्या रांगेत तिचं नाव नको, आणि औषधाची चिठ्ठी निघणारं लॉगिन तर नकोच.

डॉक्टर रुग्णालय सोडून गेले तर त्याच दिवशी चार कामं करा. पुढचे स्लॉट बंद, लॉगिन बंद, सही आणि शिक्क्याची प्रतिमा काढून टाकणं, संकेतस्थळावरचं नाव काढणं. जुन्या सल्ल्यांच्या नोंदी आणि चिठ्ठ्या मात्र ठेवायच्या. एचपीआर आयडी डॉक्टरांचा आहे, तो त्यांच्याबरोबर जातो. फक्त त्यात कामाचं ठिकाण म्हणून आपल्या रुग्णालयाचं नाव राहिलं असेल तर ते काढायला सांगा, आणि फॅसिलिटी रजिस्ट्रीच्या बाजूनंही एकदा बघा.